मित्राला रेलिंग हवंय, गुडघ्याला नकोय

पत्र:

"मी ५१ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो. कॉलेजात असताना मी आणि माझा होस्टेलमधला मित्र धोबीतलावाच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला जायचो. तो पुढे कोल्हापूरला परत गेला. नंतरच्या तीस वर्षांत आम्ही मिळून एकही कॉन्सर्ट पाहिली नाही. आता जानेवारीअखेरीस महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या लोलापालूझा या संगीत महोत्सवाचं रविवारचं, एका दिवसाचं तिकीट दोघांनी काढलंय. शेवटचा बँड दोघांच्याही जिवाचा आहे. मित्र म्हणतो, दारं उघडली की थेट स्टेजपुढचं रेलिंग गाठायचं आणि रात्री दहापर्यंत हलायचं नाही. माझा उजवा गुडघा तासभर उभं राहिलं की बोलायला लागतो. बीपीची गोळी चालू आहे. गेल्या गणपतीत मिरवणुकीच्या डीजेनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. बायको म्हणते, घरी बसून टीव्हीवर बघा. मित्राला नाही म्हटलं तर तो दुखावेल, हो म्हटलं तर मी मोडेन. आणि रात्री डोंबिवलीला परत कसं यायचं, हे वेगळंच. काय करू?
– एक जुना रॉकवाला"

उत्तर:

नमस्कार जुने रॉकवाले,

जा. पण दिवसभर मित्राला चिकटून राहायचं नाही, एवढं आजच त्याला फोन करून सांगा. रेसकोर्सच्या दारात सांगाल तर भांडण होईल. आज सांगितलंत तर तो बेताचा भाग होतो.

रंगभवनाची सवय इथे उपयोगाची नाही. तिथे एक स्टेज होतं, एकामागून एक बँड यायचे आणि आपल्याला ठरवायचं काहीच नसायचं. इथे चार स्टेज असतात, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी वाजत असतं, आणि एका स्टेजवरून दुसऱ्यावर गर्दीतून जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यामुळे काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. कोणता बँड किती वाजता, हे वेळापत्रक कार्यक्रमाच्या काही दिवस आधी बाहेर येतं. ते आलं की दोघांनी फोनवर बसून प्रत्येकी तीनच बँड निवडा. सहापैकी दोन-तीन सामायिक निघतील. तेवढे एकत्र बघायचे, बाकीच्या वेळात ज्याने त्याने आपापल्या वाटेने फिरायचं. दिवसात पाच-सहापेक्षा जास्त बँड धड ऐकून होत नाहीत. बाकी सगळं चालता चालता कानावर पडतं.

रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं आणि तिथले कार्यक्रम बंद पडले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच नियमावलीतलं आणखी एक कलम तुमच्या रविवारची रात्र ठरवणार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण त्यातला मोठा वाटा गणपती-नवरात्रात जातो. म्हणून शेवटचा बँड साधारण साडेआठच्या सुमारास चढतो आणि दहाला थांबतो. पुन्हा-पुन्हा बोलावून रंगणारी मैफल इथे नसते. गाजलेली गाणी शेवटच्या पाऊण तासात येतात, तेवढा वेळ जागेवरून हलू नका.

आता रेलिंगचं गणित. शेवटच्या बँडसाठी अगदी पुढे उभं राहायचं तर त्या स्टेजपाशी दुपारी साडेतीन-चारलाच ठिय्या द्यावा लागतो. म्हणजे सहा तास. या सहा तासांत जागा सोडली की गेली. ना पाणी, ना स्वच्छतागृह, ना दुसरं स्टेज. मधल्या बँडांचे चाहते मागून दाटत राहतात. तुमच्या गुडघ्याला आणि बीपीच्या गोळीला हा सौदा परवडणारा नाही. मित्राला परवडत असेल तर त्याला खुशाल जाऊ द्या.

पण एकत्र रेलिंगला उभं राहायची हौस भागवायची असेल तर तिला दुसरी वेळ आहे, ती म्हणजे दुपारी दोन ते चार. दारं उघडल्यानंतरचे पहिले एक-दोन बँड बहुधा भारतातलेच असतात, ऊन असतं आणि लोक अजून रांगेत किंवा खाण्याच्या स्टॉलवर असतात. या वेळी मुख्य स्टेजच्या रेलिंगपर्यंत कुणालाही धक्का न देता चालत जाता येतं. चाळीस मिनिटांचा सेट असतो, गुडघा तासाच्या आत मोकळा होतो, आणि गिटारवाल्याची बोटं दिसतील इतक्या जवळून एक अख्खा बँड पाहिला जातो. शिवाय हे बँड रिकाम्या मैदानासमोरही जीव तोडून वाजवतात, त्यांना पुढे उभ्या असलेल्या दोन पिकल्या केसांच्या माणसांचं मोल असतं.

संध्याकाळी मित्र पुढे जाईल. तुम्ही कुठे थांबायचं? साउंड कन्सोलपाशी. स्टेजसमोर साधारण ३०-४० मीटरवर, मधोमध, बॅरिकेड लावलेला एक मांडव असतो. तिथे बसून इंजिनिअर आवाज जुळवत असतो. त्याच्या कानाला जे बरोबर वाटतं तेच तो ठेवतो, म्हणजे सगळ्या मैदानात सर्वांत चांगला आवाज त्याच्या आसपासच मिळतो. हे मित्रालाही सांगा, कदाचित त्याचं मन वळेल. कारण रेलिंगवर आवाज मोठा असतो, पण चांगला नसतो. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या मैदानाकडे असतो. अगदी पुढच्या माणसांच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. त्यांना ऐकू येतात ते स्टेजसमोर जमिनीवर ठेवलेले सबवूफर (खर्जाचे मोठे स्पीकर), ड्रमचा थेट ठोका आणि आपल्या बाजूच्या गिटारवाल्याचा अँप्लिफायर. गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. ही उणीव भरायला स्टेजच्या ओठावर छोटे स्पीकर लावतात, पण पुरं पडत नाही. बँडचे चेहरे बघायचे तर रेलिंग बरं, गाणी ऐकायची तर कन्सोल.

कन्सोलच्या मांडवाची बाजू धरा, थोडी पुढच्या अंगाला. मागे उभे राहिलात तर मांडवच नजरेच्या आड येतो. बाजूच्या बॅरिकेडला कंबर टेकता येते, आणि गुडघेवाल्या माणसाला दीड तास टेकायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे. ही जागा शेवटच्या बँडच्या पाऊण तास आधी गाठली तरी मिळते. बसायचंच असेल तर आणखी मागे जा. मैदानाच्या मागच्या निम्म्या भागात उभे केलेले स्पीकरचे मनोरे दिसतील. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजवरून १०० मीटर मागे पोचायला त्याला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणून या मनोऱ्यांतला आवाज तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला असता. मनोऱ्याच्या पुढ्यात वीस-पंचवीस पावलांवर बसलात तर शब्द स्पष्ट येतात. मनोऱ्याच्या मागे मात्र बसू नका.

आता कानाचं, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण दोन दिवस वाजलेली शिट्टी म्हणजे कानाने दिलेली नोटीस असते. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली कामगार-आरोग्य संशोधन संस्था, नायॉश, जो हिशेब सुचवते तो असा: ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी जे मानक दिलं त्यातही पंधरा मिनिटांच्या सरासरीची मर्यादा १०० डेसिबल आहे. रॉकच्या स्टेजपुढे आवाज सहज १०० वर जातो. मिरवणुकीत तुम्ही डीजेच्या भिंतीपाशी किती वेळ होतात ते आठवा आणि इथे सहा-सात तास काढायचे आहेत हे लक्षात घ्या.

इअरप्लग दोन प्रकारचे मिळतात. फोमचे स्वस्त असतात आणि आवाज भरपूर कमी करतात, पण वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातात. त्यामुळे झांजा आणि शब्द गोधडीखालून आल्यासारखे वाटतात. फिल्टरचे, वादक वापरतात तसले, १५-२० डेसिबल सगळ्या पट्ट्यांत साधारण सारखे कमी करतात, गाणं गाण्यासारखंच राहतं. तुम्ही फिल्टरचे घ्या, आणि फोमची एक जोडी खिशात राखीव ठेवा. मित्र रेलिंगवर जाणार असेल तर त्याने फोमचेच घालावेत.

फोमचा प्लग बहुतेक लोक चुकीचा घालतात. तो बोटांत वळून बारीक काडीसारखा करायचा, विरुद्ध बाजूच्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, काडी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवायची. बाहेर अर्धा लोंबत असेल तर नुसता दागिना झाला. पाकिटावर ३०-३२ डेसिबल छापलेलं असतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी पुष्कळ. कापसाचा बोळा आणि टिश्यू यांचा उपयोग जवळजवळ शून्य. घरी दोन दिवस घालून सराव करा. आणि पहिल्या बँडच्या आधीच घाला, कान दुखल्यावर नव्हे. मधे काढून बोलायचा मोह होतो. त्यापेक्षा दोघांनी स्टेजपासून लांब जाऊन बोला. दर दीड-दोन तासांनी वीस मिनिटं खाण्याच्या स्टॉलकडे काढलीत तर कानाला आणि गुडघ्याला एकदमच विश्रांती मिळते.

मित्रासाठी एक परिच्छेद, त्याला वाचून दाखवा. पुढच्या गर्दीत धोका नाचण्याचा नसतो, दाबाचा असतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी लाटांनी हलते आणि एकट्या माणसाच्या हातात काही उरत नाही. सायंकाळी साडेसहाच्या विरार लोकलमध्ये चढलेल्याला हे अंगाने कळतं, कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागेल. उभं राहताना एक पाय पुढे, एक मागे. दोन्ही हात छातीपुढे, बॉक्सरसारखे, म्हणजे फासळ्यांपुढे श्वासाला जागा राहते. हात वर करून अडकले तर छाती उघडी पडते. बाहेर पडायचं तर लाटेविरुद्ध ढकलायचं नाही. लाट ओसरली की तिरकं, बाजूला सरकत जायचं. अगदीच जमेना तर पुढच्या सुरक्षारक्षकाला हाताने खूण करायची, ते वरून उचलून बाहेर काढतात. त्यात कमीपणा नाही, त्यांचं ते कामच आहे. कुणी पडलं तर आजूबाजूच्यांनी लगेच उचलायचं, हा पिटचा, म्हणजे स्टेजपुढच्या गर्दीचा, सगळ्यांत जुना नियम. आणि गर्दीच्या मधोमध अचानक गोल मोकळी जागा होऊ लागली तर समजायचं की पुढच्या ठोक्याला तिथे धडकाधडकी सुरू होणार. नाचायचं नसेल तर चार पावलं मागे. बुटाची नाडी दुहेरी गाठीची हवी, चष्म्याला दोरी हवी. कोल्हापुरी चपलांचा अभिमान आम्हालाही आहे, पण त्या दिवशी त्या घरीच राहू देत.

तुमच्यासाठीही बूट, बंद, आणि निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट मैदानावर पहिल्यांदा घालणारा माणूस पाचच्या सुमारास टाच धरून बसलेला दिसतो. गुडघ्याचा पट्टा वापरत असाल तर सकाळपासूनच घाला, दुखल्यावर नको. गुडघा उभं राहण्यापेक्षा एकाच जागी ताठ उभं राहण्याने जास्त कुरकुरतो. दर दोन-तीन गाण्यांनी वजन या पायावरून त्या पायावर घ्या, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, टाचा उचला. तासाला दहा-पंधरा मिनिटं बसा. मैदान गवत-मातीचं आहे. खाली बसून उठणं जड जात असेल तर खाण्याच्या भागात बाकं असतात का, ते आत शिरताच हेरून ठेवा. घडीच्या खुर्च्या, छत्र्या आत नेऊ देत नाहीत.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, 'आज राहू दे' असं करू नका. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा की दिवसभर उन्हात उभं राहायचंय, वेळ बदलू का. गोळ्या सुट्या न नेता मूळ पट्टीत, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. तपासणीत सुट्या गोळ्या काढून घेतल्या तर तिथे वाद घालता येत नाही. जानेवारीअखेर मुंबईत दुपारी तीसच्या आसपास तापमान असतं आणि साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे चार-साडेचार तास ऊन. टोपी हवी. पाणी तहान लागायच्या आधी, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. मित्र मोठ्या उत्साहाने ओआरएसची पाकिटं आणेल. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायचं नसतं. आणि तुमच्या बीपीला ते मीठ उगाच कशाला? साधं पाणी आणि वेळेवर पोटभर खाणं एवढं पुरे. बिअर घ्यायचीच असेल तर सूर्य मावळल्यावर एक, आणि तिच्यासोबत तेवढंच पाणी. वयाचा पुरावा मागतात: महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५. तुमच्या केसांकडे बघून कुणी विचारणार नाही, पण ओळखपत्र प्रवेशालाही लागतं, तेव्हा मूळ कार्ड खिशात असू द्या.

स्वच्छतागृहाला जायची वेळ म्हणजे एखाद्या बँडचं तिसरं-चौथं गाणं. बँड संपला की सगळं मैदान तिकडे वळतं.

चुकामूक ही या दिवसाची सर्वांत हमखास फजिती. हजारो फोन मोजक्या टॉवरवर तुटून पडतात, संध्याकाळी सहानंतर इंटरनेट नावापुरतं राहतं, फोन लागला तरी ऐकू येत नाही. म्हणून भेटीचे ठिकाण आणि वेळा आत शिरल्यावर लगेच, नेटवर्क चालू असतानाच ठरवा. 'स्टेजच्या उजवीकडे' असं ठिकाण कधीही ठरवू नका, कारण वादकाची उजवी बाजू आपली डावी असते आणि आयोजकांच्या नकाशावर कोणती लिहिली असेल याचा नेम नाही. स्टेज हे भेटायचं ठिकाणच नव्हे. न हलणारं, लांबून दिसणारं आणि गर्दीबाहेरचं काहीतरी निवडा: प्रथमोपचाराचा तंबू, पाण्याची जागा, ठरावीक क्रमांकाचं दार. तीन वेळा पक्क्या करा. एक साधारण साडेपाचला, खाण्यासाठी. दुसरी शेवटच्या बँडच्या तासभर आधी, मित्राला यायचं असेल तर. तो रेलिंगला असेल तर येणार नाही, हेही आधीच मान्य. तिसरी कार्यक्रम संपल्यावर, बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला. नियम असा की पंधरा मिनिटं थांबायचं, नाही आला तर पुढच्या वेळेला पुढच्या ठिकाणी. शोधत फिरायचं नाही. दोघेही शोधायला निघाले की दोघेही सापडत नाहीत.

निरोप द्यायचा तर व्हॉट्सॲपऐवजी साधा एसएमएस टाका, दाटीतूनही तो बऱ्याचदा पोचतो. त्यात वेळ लिहा. 'मी पाण्यापाशी आहे' हा निरोप चाळीस मिनिटांनी पोचला तर घोटाळा वाढतो, '७.१० ला पाण्यापाशी, ७.३० पर्यंत थांबतो' हा चालतो. मधल्या वेळात फोन विमान मोडवर टाका. सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते. नकाशा आणि वेळापत्रकाचे स्क्रीनशॉट सकाळीच काढा. एकमेकांचे नंबर कागदावर लिहून खिशात, कारण फोन मेला की कुणाचाच नंबर पाठ नसतो.

मनगटावर बांधायचा पट्टा हेच तुमचं तिकीट असतं आणि आतले पैसेही बहुधा त्यातच भरावे लागतात. कापडी पट्ट्याचं कुलूप एकाच दिशेने सरकतं, घट्ट झालं की सैल होत नाही. एक बोट आत जाईल एवढीच ढील ठेवा. फार सैल ठेवून हातातून निघाला तर काढून दुसऱ्याला दिल्याचा संशय घेतात. पैसे सुरुवातीला थोडेच भरा. उरलेले परत मिळवायची मुदत असते आणि ती लोक विसरतात. दोघांच्या पट्ट्यांत वेगवेगळे भरा, एकाकडेच सगळे असले तर दुसरा उपाशी. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत असाच रिवाज आहे, तेव्हा जेवण बाहेर करू हा बेत बाद. काय नेता येतं त्याची यादी दरवर्षी थोडी बदलते, पॉवर बँकेबाबत विशेषतः. आदल्या दिवशी ती वाचा.

आता येण्याजाण्याचं. मित्राला महालक्ष्मी एक्सप्रेसने येऊ द्या. नावावरून फसू नका, ती महालक्ष्मी स्टेशनला जात नाही, तिचं नाव कोल्हापूरच्या अंबाबाईवरून. शनिवारी रात्री कोल्हापुरातून निघून रविवारी पहाटे ती कल्याणला येते. तिथेच उतरून त्याने डोंबिवली गाठावी आणि दहापर्यंत तुमच्याकडे झोपावं. रात्रभर रेल्वेत आणि दिवसभर मैदानात, असा माणूस आठ वाजता रेलिंगवर उभ्या उभ्या पेंगतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीचं सोमवार रात्रीचं काढायला सांगा. रविवार रात्रीच्या गाडीचा विचारही नको, ती सुटते तेव्हा तुमचा बँड स्टेजवर चढत असेल.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मध्य रेल्वेचा ब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी तीन-चारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका तुमच्या जायच्या वेळी. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. कोणत्या मार्गिकेवर आहे ते बघून निघायची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे घ्या. डोंबिवली ते दादर, तिथून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची चर्चगेट धीमी गाडी. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. जलद गाडी महालक्ष्मीला थांबत नाही.

रात्री दहाला सगळं मैदान एकाच वेळी महालक्ष्मी स्टेशनच्या दिशेने सुटतं. धाकट्यांसारखं शेवटच्या गाण्याच्या आधी पळू नका आणि संपल्यावर धावूही नका. मध्य रेल्वेच्या गाड्या मध्यरात्रीपर्यंत आहेत, तुम्हाला घाई नाही. ठरलेल्या दाराच्या आत मित्र येईपर्यंत उभे राहा, पाणी प्या, पहिला लोंढा जाऊ द्या. मग महालक्ष्मीच्या फलाटावर न चढता स्टेशनवरून पुढे सात रस्त्याला या आणि साने गुरुजी मार्गाने चिंचपोकळी गाठा. स्टेशनपासून हे अंतर दीड-दोन किलोमीटर असेल. एवढं चाललं की थेट मध्य रेल्वेवर येता, दादरचा पूल चढायचा वाचतो. चिंचपोकळीला फक्त धीमी गाडी थांबते, त्यातली कल्याणकडे जाणारी धरा, ती डोंबिवलीला थांबतेच. गुडघा चालू देणार नसेल तर सात रस्त्यावरून टॅक्सीने भायखळा, तिथे जलदही थांबते. रेसकोर्सच्या दारात ॲपवरची गाडी बोलावू नका. दर चढलेले असतात, आणि ती गर्दीत अडकून तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

तिसरा मार्ग मेट्रो ३चा. महालक्ष्मी मेट्रो स्थानकातून पाचव्या स्थानकावर सीएसएमटी. तिथे लोकल सुटायच्या जागी बसायला मिळतं, दिवसभर उभ्या राहिलेल्या पायांना याहून मोठं बक्षीस नाही. मात्र शेवटची मेट्रो किती वाजता आहे हे त्या रविवारी सकाळी बघून ठेवा. साडेदहानंतर तिच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही आणि मित्र कुठे भेटणार त्या तीन जागा, परतीचा मार्ग आणि मित्राचा नंबर बायकोला लिहून द्या. टीव्हीवर बघायचा आग्रह तेवढ्याने जाणार नाही, पण रात्री साडेअकराला 'अजून फोन का लागत नाही' म्हणून तिचा जीव टांगणीला लागणार नाही. गाडीत बसलात की तिला एसएमएस टाका.

सोमवारी सकाळी कान जरा बधिर वाटले किंवा बारीक वाजले तर तो दिवस शांततेत काढा, हेडफोन लावू नका. शिट्टी दोन दिवसांनंतरही राहिली, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर उपचार सुरुवातीच्या दिवसांतच लागू पडतात. मित्राचेही कान विचारा. तो रेलिंगवर होता, आणि तो स्वतःहून सांगणार नाही.